शेवटची गोळी

सन 2004 ची ऑलिंपिक स्पर्धा ग्रीस देशाच्या राजधानीत, अथेन्स येथे भरली होती. 22 ऑगस्टचा दिवस. शहराबाहेरच्या मार्कोपुलो येथील नेमबाजीच्या मैदानावर पुरुषांच्या 50 मीटर रायफल स्पर्धेची अंतिम फेरी चालली होती. आठ नेमबाज एका ओळीत उभे होते. प्रत्येकाच्या समोर 50 मीटर अंतरावर त्याचे स्वतःचे लक्ष्य होते आणि त्या लक्ष्याच्या वर त्याचा क्रमांक लिहिलेला होता. लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा! त्या वर्तुळावर उभ्याने नेम धरून प्रत्येकाने दहा गोळ्या झाडावयाच्या होत्या.

क्रमांक दोनच्या जागेवर अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स उभा होता. त्याचे वय 23 वर्षांचे. दोनच दिवसांपूर्वी त्याने पालथे झोपून नेम मारण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. याही स्पर्धेत तोच सर्वांच्या पुढे होता. नऊ गोळ्या झाडून झाल्या, तेव्हा त्याच्याजवळ तीन गुणांची आघाडी होती. आता एकच गोळी उरली होती. ती अगदी मध्यभागी लागण्याचीही आवश्यकता नव्हती. बेताचा नेम लागला असता तरी दुसरे सुवर्णपदक त्याचेच होते.

एमन्सने रायफल खांद्याला लावली, श्वास आवरला आणि चाप ओढला. गोळी सुटली. परंतु त्याच्या गुणफलकावर एकही गुण उमटला नाही. त्याला वाटले, यंत्रात काही बिघाड झाला असावा. आपण गोळी झाडली आहे, असे त्याने पंचांना खुणेने सांगितले. पंचांनी आपसांत विचार केला, आणि थोड्याच वेळात खरा प्रकार उघड झाला. एमन्सची गोळी लागली होती, पण ती क्रमांक तीनच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या लक्ष्यावर! नियमाप्रमाणे त्या गोळीला शून्य गुण मिळाले. क्षणापूर्वी पहिला असलेला एमन्स एकदम आठव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर गेला. चीनच्या जिया झानबो याला सुवर्णपदक मिळाले.

ज्याने आयुष्यात हजारो गोळ्या अचूक झाडल्या, त्या निष्णात नेमबाजाच्या हातून अशी चूक व्हावी, हे मोठे नवल वाटते. त्याचे डोळे अधू नव्हते, हात कापला नव्हता, रायफलही निर्दोष होती. मग चुकले काय?

याचे उत्तर एमन्सनेच पुढे दिले आहे. त्याची नेहमीची रीत अशी होती : रायफल वर धरावयाची, प्रथम लक्ष्यावरील क्रमांक पाहावयाचा, आणि मग हळूहळू खाली येऊन मधल्या वर्तुळावर नेम धरावयाचा. त्या शेवटच्या वेळी मात्र त्याचे सारे लक्ष स्वतःचे मन शांत करण्यात आणि एक चांगला नेम साधण्यात गुंतले होते. त्यामुळे क्रमांकाकडे पाहावयाचे तेवढे राहून गेले. काम तसे अर्ध्या क्षणाचे. पण तेच सुटले आणि सारे सुटले.

महाभारतातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा सर्वांना ठाऊक आहे. झाडावरील पक्ष्यावर नेम धरलेल्या शिष्यांना गुरूंनी विचारले, “तुला काय दिसते?” कोणाला झाड दिसत होते, कोणाला फांद्या, कोणाला जवळ उभे असलेले बंधू. अर्जुनाला मात्र पक्ष्याच्या डोळ्यावाचून दुसरे काहीच दिसत नव्हते. एकाग्रता कशी असावी, हे सांगताना ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अथेन्सच्या मैदानावर एमन्सलाही त्या क्षणी केवळ ‘डोळा’च दिसत होता, पण तो दुसऱ्याच पक्ष्याचा होता! अर्जुनाने कोणत्या झाडावरील कोणता पक्षी, हे आधी नीट निरखून घेतले होते आणि मगच दृष्टी डोळ्यावर स्थिर केली होती. लक्ष एकवटणे ही गोष्ट चांगलीच. परंतु ते कोठे, केव्हा आणि किती एकवटावे, यालाही महत्त्व आहे. मनावर ताण आला की नेमका हाच हिशेब चुकतो.

ताण म्हणजे तरी काय? एखादा मोठा प्रसंग समोर उभा राहिला की शरीर आपोआप त्याच्या तयारीला लागते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. त्यासरशी हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास भराभर चालतो, हातापायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त धावते. पोटाकडील रक्त कमी होते, म्हणून पोटात गोळा आल्यासारखे वाटते. तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. हजारो वर्षांपूर्वी रानात हिंस्र पशूशी गाठ पडली असता माणसाला एक तर झुंज द्यावी लागे, नाही तर जीव घेऊन पळावे लागे. त्या वेळी शरीराची ही तयारी त्याचे प्राण वाचवीत असे. आज रानातला वाघ समोर नसतो. पण खेळाचा अंतिम सामना, प्रेक्षकांनी भरलेले मैदान आणि हरण्याची भीती यांनाही शरीर वाघच समजते! म्हणून छातीतील धडधड हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. शरीर मदतीला धावून आले आहे, एवढाच तिचा अर्थ.

मात्र ही मदत बेताची असावी लागते. 1908 साली यर्कस आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांपैकी पांढऱ्या पेटीत उंदराने शिरावे, काळ्या पेटीकडे जाऊ नये, असे त्याला शिकवावयाचे होते. उंदीर चुकला की त्याला विजेचा धक्का देत. दोन्ही पेट्यांतील फरक चटकन ओळखू येण्याजोगा असला, म्हणजे धक्का जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकत. परंतु तो फरक ओळखणे अवघड केले, तेव्हा फार सौम्य धक्क्याने ते सावकाश शिकत, फार जोराच्या धक्क्याने गोंधळून जात, आणि मध्यम धक्क्यानेच सर्वांत लवकर शिकत. तंबोऱ्याची तार सैल सोडली तर सूर निघत नाही आणि वाजवीपेक्षा अधिक पिळली तर ती तुटते. मनाचेही तसेच आहे. मुळीच ताण नसेल तर खेळाडू गाफील राहतो; अतिरेकी ताण आला तर गोंधळतो. त्यातही काम जितके नाजूक, तितका थोडा ताण त्याला पुरतो. वजन उचलणाऱ्या मल्लाला जो आवेश उपयोगी पडतो, तोच नेमबाजाच्या हातून सुवर्णपदक हिरावून घेतो.

ताणामुळे अवधानात दोन प्रकारचे बदल होतात. पहिला बदल असा की, अवधानाचा घेर लहान होत जातो. कंदिलाचा प्रकाश चहूकडे पसरतो, तर विजेरीचा झोत एकाच जागी पडतो. ताण वाढू लागला म्हणजे आपले अवधान कंदिलासारखे न राहता विजेरीसारखे होते. ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली ही गोष्ट चांगल्या रीतीने मांडली. तो म्हणतो, आरंभी या झोताबाहेर जातात त्या निरुपयोगी गोष्टी. प्रेक्षकांचा गलबला ऐकू येत नाही, ऊन जाणवत नाही. येथवर खेळाडूचा लाभच होतो. परंतु ताण आणखी वाढला की झोत आणखी अरुंद होतो, आणि मग कामाच्या गोष्टीही अंधारात जातात. एमन्सच्या लक्ष्यावरील क्रमांक असाच अंधारात गेला. कबड्डीच्या मैदानावरही हा अनुभव येतो. सामना बरोबरीत असताना शेवटच्या चढाईला गेलेला गडी समोरच्या एकाच खेळाडूवर नजर खिळवून बसतो; कोपऱ्यातून पायाकडे झेपावणारा दुसरा गडी त्याला दिसतच नाही आणि तो पकडला जातो.

दुसरा बदल याहून चमत्कारिक आहे. ताणामुळे माणसाचे लक्ष बाहेरच्या कामावरून स्वतःकडे वळते. जिना उतरताना आपण पायांचा विचार करीत नाही. पण प्रत्येक पाऊल कसे उचलले जाते आणि कसे टेकते, हे पाहात उतरू लागले तर ठेच लागण्याचाच संभव अधिक. खेळातही तसेच घडते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनुभवी गोल्फ खेळाडूंना चेंडू मारताना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले होते. त्याच खेळाडूंना दुसऱ्या वेळी चेंडू मारता मारता काही आवाज ओळखण्याचे निराळेच काम दिले. आश्चर्य असे की, कान दुसरीकडे गुंतले असताना त्यांचा खेळ अधिक चांगला झाला आणि स्वतःच्या हालचालीवर पाळत ठेवताना तो बिघडला. नवशिक्यांच्या बाबतीत मात्र याच्या उलट दिसून आले. नवशिक्याला प्रत्येक हालचालीकडे पाहावेच लागते. पण जी हालचाल वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी मुरली आहे, तिच्यात मनाने उगाच ढवळाढवळ केली की ती मोडते. ‘मी चुकणार तर नाही ना?’ या एका प्रश्नाने कसलेला खेळाडू क्षणभर नवशिका होऊन जातो.

मग ताणाला तोंड कसे द्यावे? याचे एक उत्तर भारताच्या अभिनव बिंद्राच्या वाटचालीत सापडते. अथेन्सच्या त्याच स्पर्धेत तो 10 मीटर एअर रायफल प्रकारात उतरला होता. या प्रकारात दहा गुणांचा मधला ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर रुंद असतो; रव्याचा एखादा कणच म्हणा ना! पात्रता फेरीत तिसरा आलेला अभिनव अंतिम फेरीत सातव्या स्थानावर घसरला. त्यानंतरची चार वर्षे त्याने केवळ नेमाच्या सरावात घालविली नाहीत. भीती वाटत असतानाही मन कामावर कसे ठेवावे, याचाही त्याने अभ्यास केला. बीजिंगला जाण्यापूर्वी तो सुमारे 40 फूट उंचीच्या एका खांबावर चढला. खांबावर चढण्याचा नेमबाजीशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. पण भीतीची ओळख करून घेण्याची ती शाळा होती. अर्ध्यावर गेल्यावर परत फिरावेसे वाटले, तरी तो वरच चढत राहिला.

11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंग येथे अंतिम फेरी सुरू होण्यापूर्वी त्याने सरावाची पहिली गोळी झाडली, तो ती मध्यापासून फार दूर लागली. रायफलीवरील नेम धरण्याच्या साधनाचा मेळ बिघडला होता. हाताशी वेळ फार थोडा होता. अशा वेळी नशिबाला बोल लावण्यात किंवा पदकाची चिंता करण्यात ती मिनिटे सहज निघून गेली असती. अभिनवने ती साधन पुन्हा जुळवून घेण्यात खर्च केली. मग एकेक गोळी तो शांतपणे झाडीत गेला. नऊ गोळ्या संपल्या, तेव्हा फिनलंडचा हेन्री हॅकिनेन आणि अभिनव यांचे एकूण गुण अगदी सारखे झाले होते. पुन्हा एकदा सर्व काही शेवटच्या गोळीवर येऊन ठेपले. हॅकिनेनला 9.7 गुण मिळाले आणि तो तिसऱ्या स्थानावर गेला. अभिनवच्या गोळीने 10.8 गुण मिळविले. एकूण 700.5 गुणांसह त्याने सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला भारतीय होय.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे स्वप्नील कुसाळेचे गाव. रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत त्याने नेमबाजीचा सराव चालू ठेवला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल स्पर्धेच्या अंतिम फेरीत तो उतरला, तेव्हा त्याच्याही पोटात कालवाकालव होत होती. त्या दिवशी सकाळी त्याने काही खाल्ले नव्हते. केवळ बिनदुधाचा चहा घेतला होता. छाती जोराने धडधडत होती, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. पण त्या धडधडीशी तो भांडत बसला नाही. त्याने श्वासावर ताबा ठेवला, वेगळे काही करून पाहण्याच्या मोहात तो पडला नाही आणि गुणफलकाकडे त्याने डोळे लावले नाहीत. गुडघ्यावर बसून नेम मारण्याच्या टप्प्यानंतर तो सहावा होता, पालथे झोपून मारण्याच्या टप्प्यानंतर पाचवा. उभ्याने नेम मारण्याच्या सर्वांत कठीण टप्प्यात त्याने आणखी पुढे सरकत 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक.

श्वासाचे एवढे महत्त्व का? हृदयाला ‘हळू चाल’ अशी आज्ञा देता येत नाही. पण श्वास मात्र काही अंशी आपल्या स्वाधीन असतो. तो संथपणे, विशेषतः सावकाश बाहेर सोडला की हृदयाची गतीही मंदावू लागते. दुसरा लाभ असा की, मनाला धरावयास काहीतरी निश्चित सापडते. गुणफलक हा झालेल्या गोष्टींचा असतो आणि पदक हे अजून व्हावयाच्या गोष्टींचे. हाताशी असते ती केवळ आताची गोळी. म्हणूनच कसलेले खेळाडू प्रत्येक वेळी तीच कृती त्याच क्रमाने करतात. क्रिकेटचा फलंदाज प्रत्येक चेंडूपूर्वी बॅट ठराविक रीतीने टेकवितो. टेनिसपटू सर्व्हिस करण्यापूर्वी चेंडू जमिनीवर आपटतो. बघणाऱ्याला ती नुसती सवय वाटते. वास्तविक ताणाच्या वेळी अवधान कोठे ठेवावयाचे, याची ती आधीच ठरविलेली वाट असते. एमन्सची क्रमांक पाहण्याची रीत हीही अशीच वाट होती. एकदाच ती सुटली, आणि तीही नेमक्या शेवटच्या गोळीला.

त्या एमन्सचे पुढे काय झाले? 2008 साली बीजिंगला तो त्याच स्पर्धेत पुन्हा उतरला. शेवटची गोळी उरली असताना पुन्हा तोच सर्वांच्या पुढे होता. आघाडी होती 3.3 गुणांची. नेम पुरता स्थिर होण्यापूर्वीच बोटाचा दाब पडून गोळी सुटली. गुण मिळाले अवघे 4.4, आणि तो चौथ्या स्थानावर गेला. सलग दोन ऑलिंपिकमध्ये हाती आलेले सुवर्ण शेवटच्या क्षणी निसटल्यावर एखाद्याने रायफल कायमची खाली ठेवली असती, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. पुढे 2010 साली त्याला कर्करोगाच्या आजारालाही तोंड द्यावे लागले. तरीही 2012 साली लंडनला तो तिसऱ्यांदा त्याच स्पर्धेत उभा राहिला. शेवटच्या गोळीच्या वेळी तो दुसऱ्या स्थानावर होता. ती गोळी याही खेपेस मनासारखी लागली नाही, तिला 7.6 गुण मिळाले आणि तो तिसरा आला. पण या वेळी त्याच्या गळ्यात कांस्यपदक होते.

ताणाला कायमचे जिंकणारा खेळाडू कोणी नाही. अनुभव वाढला म्हणून छातीतील धडधड थांबत नाही, आणि एकदा सावरलेले मन दुसऱ्या वेळी सावरेलच, असेही नाही. खेळाडूच्या हाती एवढेच असते : धडधडत्या छातीने आपल्या जागेवर उभे राहावे, प्रथम आपल्या लक्ष्याचा क्रमांक पाहावा, आणि मग पुढची एक गोळी झाडावी.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अथेन्स येथे एमन्सच्या शेवटच्या गोळीला शून्य गुण का मिळाले?
(आ) ताण आला असता शरीरात कोणकोणते बदल होतात?
(इ) यर्कस आणि डॉडसन यांच्या प्रयोगात काय दिसून आले?

2. कारणे द्या.
(अ) अनुभवी खेळाडूने स्वतःच्या हालचालीवर पाळत ठेवली की त्याचा खेळ बिघडतो.
(आ) स्वप्नीलने अंतिम फेरीत गुणफलकाकडे डोळे लावले नाहीत.

3. ‘कंदील’ आणि ‘विजेरी’ यांच्या दृष्टांताने लेखकाने काय समजावून दिले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

4. अर्जुनाची एकाग्रता आणि अथेन्समधील एमन्सची एकाग्रता यांत कोणता फरक होता?

5. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तोंड देणे, बोल लावणे, अंगी मुरणे, गाफील राहणे.

6. खेळाच्या किंवा वक्तृत्वाच्या एखाद्या स्पर्धेत तुमच्या मनावर ताण आला होता का? त्या वेळी तुमचे लक्ष कोठे होते, ते आठवून दहा-बारा ओळी लिहा.